चढता येईल असा गोल जिना: स्वीट होम थ्रीडी आणि स्केचअपमध्ये पायरी-पायरीने

घराचा आराखडा काढायच्या बऱ्याच सोप्या सॉफ्टवेअरमध्ये गोल जिना अर्ध्या मिनिटात बसतो. कॅटलॉग उघडायचा, जिना उचलायचा, कोपऱ्यात ठेवायचा. पडद्यावर तो देखणाही दिसतो. पण त्या चित्रातल्या पायऱ्या किती, एकेक पायरी किती उंच, आठव्या पायरीवर उभ्या माणसाचं डोकं कुठे लागतं, वर पोचल्यावर पाऊल स्लॅबवर पडतं की हवेत, याची जबाबदारी सॉफ्टवेअर घेत नाही. तुम्ही जिन्याला तीन मीटरऐवजी साडेतीन मीटर उंची दिलीत, तर ते पायऱ्या वाढवत नाही, आहेत त्याच ताणतं. म्हणून माझा आग्रह असा की गोल जिन्याचा हिशेब आधी कागदावर करायचा आणि मग माऊसला हात लावायचा. सरळ जिन्यात चूक झाली तर एखादी पायरी पुढे सरकवता येते. गोल जिन्यात व्यास, कोन, उंची आणि डोक्यावरची मोकळी जागा ही सगळी एकमेकांत अडकलेली असतात. एक बदललं की बाकीची तिन्ही हलतात.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: रो-हाउसच्या तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जाणारा, मधल्या पाइपवर उभा असलेला लोखंडी गोल जिना. आधी हिशेब, मग स्वीट होम थ्रीडीमध्ये जागेची चाचणी, आणि मग स्केचअपमध्ये खरा जिना. दोन्ही सॉफ्टवेअर पैसे न देता वापरता येतात. स्वीट होम थ्रीडी संगणकावर उतरवून घेता येतं, तर स्केचअपची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची

खालच्या तयार फरशीच्या पृष्ठभागापासून वरच्या तयार फरशीच्या पृष्ठभागापर्यंत. स्लॅबच्या तळापर्यंत मोजायचं नाही आणि कच्च्या स्लॅबपासूनही नाही. बांधकाम चालू असताना मोजत असाल तर दोन्हीकडच्या फरशीची जाडी, खालच्या मसाल्यासकट, हिशेबात धरा. जिना गच्चीवर जाणार असेल तर जास्त जपून, कारण गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि मसाला यांचा थर) येतो आणि तो सहज चार-पाच इंच उंची खातो. तो विसरलात तर सगळ्या पायऱ्या सारख्या आणि शेवटचीच भलतीच उंच असा जिना होतो. माणूस नेमका तिथे अडखळतो, कारण तोवर पायाला एका उंचीची सवय झालेली असते.

आपल्या उदाहरणात ही उंची ३००० मिमी धरू.

पायऱ्यांचा हिशेब

उंचीला राइझरच्या, म्हणजे एका पावलात चढायच्या उभ्या टप्प्यांच्या, संख्येने भागायचं. १५ राइझर घेतले तर एकेक २०० मिमी, १६ घेतले तर १८७.५ मिमी. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याचा राइझर जास्तीत जास्त १९० मिमी सांगितला आहे, तेव्हा १६ घेऊ. १६ राइझर म्हणजे पायऱ्या १५, कारण सोळावं पाऊल थेट लँडिंगवर, म्हणजे जिन्याच्या माथ्यावरच्या सपाट जागेवर, पडतं. हा एकचा फरक लक्षात ठेवा, पुढे कोन मोजताना तो लागणार आहे.

आता व्यास. त्याच संहितेत गोल जिन्याचा व्यास किमान १.५ मीटर असावा असं म्हटलं आहे. मी १६०० मिमी घेते. मधला पाइप ११४ मिमी बाहेरच्या व्यासाचा, म्हणजे बाजारात ज्याला चार इंची पाइप म्हणतात तो. त्रिज्या ८०० मधून पाइपाची ५७ वजा केली आणि बाहेरच्या बाजूला कठड्याची जागा सोडली की चालायला सुमारे ६९० मिमी रुंदी उरते. अमेरिकेतल्या घरांसाठीच्या निवासी संहितेत गोल जिन्याला ही मोकळी रुंदी किमान ६६० मिमी लागते. तिकडे राहणाऱ्या आणि घराचं काम काढलेल्या मराठी मंडळींनाही हा जिना त्या बाबतीत पुरेल.

तिसरा आकडा कोन. प्रत्येक पायरी वरून पाहिली तर पाचरीसारखी दिसते, तेव्हा ‘पायरी किती रुंद’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. पाइपाजवळ ती बोटभर असते, बाहेर ऐसपैस. म्हणून मोजायचं ते चालण्याच्या रेषेवर, पायरीच्या आतल्या कडेपासून साधारण ३०५ मिमी बाहेर. आपल्या जिन्यात ती रेषा केंद्रापासून ३६२ मिमीवर येते. सूत्र सोपं आहे: केंद्रापासूनचं अंतर गुणिले कोन गुणिले ०.०१७४५. पायरीला ३० अंश दिले तर ३६२ × ३० × ०.०१७४५, म्हणजे जवळपास १९० मिमी. अमेरिकी संहितेला इथे किमान १७१ मिमी लागतात. प्रत्यक्षात माणूस थोडा बाहेरून, कठड्याच्या बाजूने चढतो. केंद्रापासून ४५० मिमीवर हीच पायरी २३६ मिमी भरते. दोन राइझर अधिक एक ट्रेड (पाऊल ठेवायची रुंदी) यांची बेरीज ६०० ते ६४० च्या आसपास असावी असा जुना ठोकताळा आहे. आपली बेरीज तिथे ६११ येते. पायाला हा जिना बरा वाटेल.

१५ पायऱ्या गुणिले ३० अंश म्हणजे ४५० अंश. एक पूर्ण फेरा आणि वर पाव फेरा. पहिल्या पायरीची पुढची कड ज्या दिशेला, तिच्या काटकोनात तुम्ही वर पोचता. खोलीत हे जुळत नसेल तर पायरीचा कोन बदलून पाहा, पण २७ अंशांच्या खाली गेलात की चालण्याच्या रेषेवर पायरी त्या १७१ मिमीला टेकते.

डोक्याचा प्रश्न

गोल जिन्याचे आराखडे सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून थोडं थांबून बघू. पूर्ण फेऱ्यात ३६० भागिले ३०, म्हणजे १२ पायऱ्या होतात. तुम्ही एका पायरीवर उभे असता तेव्हा बरोबर डोक्यावरची पायरी १२ राइझर वर असते: २२५० मिमी. त्यातून पायरीची ४० मिमी जाडी गेली की २२१० उरतात. छान.

पण लँडिंगचं काय? लँडिंग ही एक मोठी पायरीच असते, आणि बहुतेक जण तिला सवयीने पाव वर्तुळाची काढतात. आपलं लँडिंग ४५० अंशांवर सुरू होतं, म्हणजे वरून पाहिलं तर ९० अंशांवर. ते ९० अंश पसरलं तर १८० पर्यंत जातं. त्याच्या बरोबर खाली चौथी, पाचवी आणि सहावी पायरी येते. सहावीची उंची ११२५ मिमी. लँडिंगची जाडी १०० मिमी धरली तर तिचा तळ २९०० वर. उरले १७७५ मिमी. पाच फूट दहा इंचांच्या माणसाचं कपाळ तिथे रोज भेटणार.

लँडिंग ६० अंशांचं केलं तर ते पाचव्या पायरीपर्यंतच येतं. तिची उंची ९३७.५, म्हणजे वर १९६२ मिमी. अजून थोडं कमीच. आता जाडी कमी करायची: ५० मिमी अँगलच्या चौकटीवर चेकर्ड प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) टाकली की लँडिंग साधारण ६० मिमीत बसतं आणि पाचव्या पायरीवर २००२ मिमी मिळतात. अमेरिकी संहिता गोल जिन्याला १९८२ मागते. आपल्याकडे जिन्याखालून जाणाऱ्या वाटेसाठी २.२ मीटर धरतात, तेव्हा तुमच्या भागात गोल जिन्याला कोणता आकडा लावतात ते नकाशा सादर करणाऱ्या आर्किटेक्टला विचारून घ्या. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) लागू आहे, मुंबईची नियमावली वेगळी आहे. घरात सहा फुटी माणसं असतील तर माझा सल्ला असा: १५ राइझरवर या, राइझर २०० होईल आणि १४ पायऱ्यांचे ४२० अंश होतील. मग ६० अंशांचं लँडिंग तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतं आणि १०० मिमी जाडीतही २१०० मिळतात. अर्थात तेव्हा राइझर १९० च्या वर जातो. पायाची सोय की डोक्याची, हा निर्णय घरातली माणसं बघून घ्यायचा. सॉफ्टवेअर तो घेऊ शकत नाही.

स्वीट होम थ्रीडी: जागा बसते का ते आधी पाहा

तळमजल्याच्या भिंती काढून झाल्या की ‘प्लॅन’ मेनूतून ‘अ‍ॅड लेव्हल’ने वरचा मजला घाला. मग लेव्हलच्या खिडकीत आकडे नीट भरा. आपल्याला फरशी ते फरशी ३०० सेंमी हवेत. स्लॅब १२.५ सेंमीचा धरला तर खालच्या लेव्हलची उंची २८७.५, वरच्या लेव्हलची फ्लोअर थिकनेस (स्लॅबची जाडी) १२.५ आणि एलेव्हेशन (खालच्या फरशीपासूनची उंची) ३००. इथे सेंटिमीटर चालतात हे विसरू नका. वरच्या मजल्यावर ‘रूम’ काढल्याशिवाय तिथे जमीनच नसते, म्हणून तीही काढा. नाहीतर जिन्याने स्लॅब कापला की नाही ते दिसणारच नाही.

आता तळमजल्यावर परत या. कॅटलॉगच्या जिन्यांच्या गटातून गोल जिना ओढून आणा. त्यावर दोनदा क्लिक करून ‘कीप प्रपोर्शन्स’ची खूण काढा आणि रुंदी १६०, खोली १६०, उंची ३०० भरा. खूण तशीच राहिली तर उंची बदलताच व्यासही बदलतो. जिना उलट्या दिशेने हवा असेल तर ‘मिरर्ड शेप’. वरच्या मजल्यावर गेलात की फरशीला आपोआप भोक पडलेलं दिसेल.

या टप्प्यावर तीन गोष्टी तपासायच्या. पहिली पायरी दारासमोर किंवा सोफ्याच्या पाठीला येत नाही ना. वरचं लँडिंग भिंतीला किंवा बाथरूमच्या दाराला भिडत नाही ना. आणि भोकाच्या जागी बीम येतो का. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. तयार घरात स्लॅब कापून जिना घालायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा बघितल्याशिवाय एक इंचही कापू नये. हे मी सगळ्यांना सांगते, आणि जोर देऊन सांगते.

कॅटलॉगमधल्या जिन्याच्या पायऱ्या आपल्या हिशेबाशी जुळतीलच असं नाही. थ्रीडी चित्रात त्या मोजा. जुळत नसतील तरी इथे काही बिघडत नाही, कारण आपण फक्त १६० सेंमीचं वर्तुळ कुठे बसतं ते पाहतोय. खरा जिना पुढे बनवायचा आहे.

स्केचअप: एक पायरी नीट, बाकीच्या नकला

मिलिमीटरचा टेम्प्लेट उघडा. ‘मॉडेल इन्फो’मध्ये ‘युनिट्स’खाली दशांश एका स्थळापर्यंत दाखवायला सांगा, नाहीतर १८७.५ च्या जागी १८८ आणि त्याआधी नागमोडी खूण दिसत राहील. ‘लेंग्थ स्नॅपिंग’ बंद करा.

वर्तुळाचं साधन घ्या. घेतल्या घेतल्या ते बाजूंची संख्या विचारतं. तिथे ४८ टाइप करून एंटर. हा ४८ मुद्दाम आहे: ३६० भागिले ४८ म्हणजे ७.५ अंश, तेव्हा ३० अंशांत बरोबर चार भाग बसतात. पुढे प्रत्येक कोन मोजायची गरज उरत नाही, फक्त टोकं मोजायची. अक्षांच्या मूळ बिंदूवर क्लिक करा, माऊस लाल अक्षावरून बाहेर न्या, ८०० टाइप करून एंटर. त्याच बिंदूवर तसंच दुसरं वर्तुळ ५७ चं. दोन्ही वेळा लाल अक्षावरूनच ओढायचं, म्हणजे दोन्ही वर्तुळांची टोकं एका रेषेत येतात.

आता लाल अक्षावर आतल्या वर्तुळापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत रेघ मारा. ही पायरीची पुढची कड. घड्याळाच्या उलट दिशेने पाच भाग मोजा आणि तिथे दुसरी रेघ. चार नाही, पाच. चार भागांत ३० अंश होतात आणि पायऱ्या कडेला कड लावून येतात. पाचवा भाग वरच्या पायरीच्या खाली मागे सरकतो. लोखंडी जिन्यात खालच्या पायरीची मागची कड आणि वरच्या पायरीची पुढची कड अशी एकमेकींवर यायला हवी, तरच पायाचा चवडा फटीत जात नाही. बाकीच्या रेघा पुसून टाका. उरेल ती पाचर ‘पुश-पुल’ने खाली ४० मिमी ओढा. मग अख्खी निवडून वर १८७.५ सरकवा आणि जी दाबून तिचा कॉम्पोनंट करा. ग्रुप करू नका. कॉम्पोनंटमध्ये एका पायरीत बदल केला की पंधराही बदलतात, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पायरी उघडा (दोनदा क्लिक) आणि आत दोन गोष्टी घाला.

पहिली, डोक्याची काठी. पायरीच्या मध्यावर, केंद्रापासून ३६२ मिमीवर, १० मिमी त्रिज्येचं छोटं वर्तुळ काढा आणि ते २००० मिमी वर खेचा. लाल रंग द्या. ही काठी जिन्याचा भाग नाही, चाचणीचं हत्यार आहे. पायऱ्यांबरोबर तिच्याही पंधरा नकला होतील आणि जिथे जिथे ती लँडिंगच्या तळात घुसेल, तिथे तिथे माणसाचं डोकं आपटणार. टेपने एकेक पायरी मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि डोळ्यांना ताबडतोब दिसतं.

दुसरी, कठड्याच्या कांबी. पायरीच्या वरच्या पृष्ठभागावर ७७० त्रिज्येचं, पुन्हा ४८ बाजूंचं मदतीचं वर्तुळ काढा. पुढच्या कडेपासून त्याच्या पहिल्या चार भागांचे मध्यबिंदू पकडा. स्केचअप मध्यबिंदूवर आकाशी ठिपका दाखवतं. प्रत्येक मध्यबिंदूवर ६ मिमी त्रिज्येची कांब. त्यांच्यातलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १०० मिमी, म्हणजे मोकळी फट ९० च्या आतबाहेर राहते. लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. आडवे पाइप लावलेला कठडा दिसायला हलका वाटतो, पण घरात लहान मूल असेल तर तो शिडी होतो. माझं मत उभ्या कांबींच्याच बाजूने आहे.

कांबींच्या उंचीत थोडी अक्कल लागते. हँडरेल चढती असते, सपाट नसते. पायरीच्या पुढच्या कडेवर ती ९०० मिमी वर आहे असं धरलं, तर ३० अंशांत ती १८७.५ चढते, म्हणजे प्रत्येक भागाला ४६.९. म्हणून चार कांबींची उंची अनुक्रमे ९२३.४, ९७०.३, १०१७.२ आणि १०६४.१. पायरीच्या मध्यावर हँडरेल साधारण एक मीटरवर येते. पहिली कांब खालीही १८७.५ वाढवा, म्हणजे ती खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर येऊन टेकेल. कारागीर प्रत्यक्षातही या कांबीने दोन पायऱ्या एकमेकींना बांधतात, आणि त्याने जिन्याची थरथर बरीच कमी होते. सगळ्यात खालच्या पायरीची तेवढी कांब जमिनीत न जाता जमिनीवर टेकेल, तेही बरोबरच. मदतीचं वर्तुळ पुसून पायरीतून बाहेर या.

चार वेळात सोळा पायऱ्या

नुसतं फिरवून नक्कल करणारी स्केचअपची सोय इथे अपुरी पडते, कारण आपल्याला फिरवायचंही आहे आणि उचलायचंही. तर दुपटीची युक्ती वापरायची.

आधी हँडरेलची रेघ तयार करू. पायरीची एक नक्कल करा: ‘मूव्ह’, कंट्रोल (मॅकवर ऑप्शन), निळ्या अक्षावर वर, १८७.५. नक्कल निवडलेलीच असते. लगेच क्यू (फिरवायचं साधन) दाबून मूळ बिंदूवर क्लिक, लाल अक्षावर क्लिक, माऊस घड्याळाच्या उलट दिशेने थोडा हलवून ३०. फिरवायचं चक्र निळं दिसतंय याची खात्री करा. लाल किंवा हिरवं असेल तर पायरी उभी आपटते. आता खालच्या पायरीच्या चारही कांबींच्या टोकांचे मध्य आणि वरच्या पायरीच्या पहिल्या कांबीच्या टोकाचा मध्य रेघांनी जोडा. चार रेघा झाल्या. त्यांचा वेगळा कॉम्पोनंट करा आणि दुसरी पायरी पुसून टाका.

मग पायरी आणि रेघ दोन्ही निवडा. वर १८७.५, फिरवा ३०: दोन झाल्या. दोन्ही निवडा, वर ३७५, फिरवा ६०: चार. चारही निवडा, वर ७५०, फिरवा १२०: आठ. आठ निवडा, वर १५००, फिरवा २४०: सोळा. प्रत्येक वेळी उंची आणि कोन दोन्ही दुप्पट होतात, म्हणून पाठ करण्यासारखं काही नाही. सोळावी पायरी बरोबर ३००० मिमीवर, ४५० अंशांवर येते. आपल्याला पायऱ्या पंधराच हव्यात, पण सोळावी लगेच पुसू नका. तिची पुढची कड म्हणजेच लँडिंगची पुढची कड.

जिना दुसऱ्या बाजूने वळायला हवा असेल तर सगळं निवडून ‘फ्लिप’ करा. आत्ता काढलेल्या जिन्यात चढताना कठडा उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या. पडण्याचा धोका उतरताना जास्त असतो, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांना उतरताना कोणत्या हाताने धरायला सोपं जातं ते विचारा आणि त्याप्रमाणे दिशा ठरवा. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मी हा जिना घरातला एकमेव जिना म्हणून ठेवायला सांगणारच नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींत मागच्या बाजूला असे लोखंडी गोल जिने दिसतात ते सफाईच्या, ये-जा कमी असलेल्या कामासाठी. मुख्य वर्दळ पुढच्या रुंद जिन्यावरूनच व्हायची.

लँडिंग आणि भोक

सोळाव्या पायरीच्या पुढच्या कडेपासून ६० अंश, म्हणजे आठ भाग मोजून नवी पाचर काढा. जाडी आधी १०० द्या आणि खालून वर पाहा: पाचव्या पायरीची लाल काठी लँडिंगच्या तळात घुसलेली दिसेल. जाडी ६० करा. काठीचं टोक तळाच्या जेमतेम खाली राहील. आता हौस म्हणून लँडिंग ९० अंशांचं करून पाहा. सहावीची काठी लँडिंगच्या वर सव्वाशे मिलिमीटर बाहेर येते. वर कागदावर केलेला हिशेब हाच. समाधान झालं की ६० वर परत या आणि सोळावी पायरी तिच्या रेघेसकट पुसा.

स्लॅबमधलं भोक १७०० मिमीचा चौरस ठेवा. जिन्याभोवती ५० मिमी मोकळी जागा राहते, फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्या कारागिराला, वेल्डिंगचा हात घालता येतो आणि हँडरेल धरणारी बोटं स्लॅबच्या कडेला घासत नाहीत. ६० अंशांच्या लँडिंगची बाहेरची बाजू ८०० मिमी होते, तेवढंच वर जायचं दार. ही बाजू चौरसाच्या एका सरळ कडेला समोरासमोर यायला हवी. आत्ता लँडिंग ९० ते १५० अंशांत आहे, म्हणजे तिचा मध्य १२० वर, चौरसाच्या कोपऱ्याकडे कललेला. अख्खा जिना मूळ बिंदूभोवती ३० अंश घड्याळाच्या दिशेने फिरवा, मध्य ९० वर येतो आणि लँडिंग कडेला सरळ भिडतं. मधला खाचा (मध्यावर ५० मिमी, टोकांकडे वाढत जाणारा) प्लेटनेच भरून घ्या. भोकाच्या उरलेल्या बाजूंना वर कठडा हवाच, तो चित्रातही दाखवा, नाहीतर खर्चाच्या अंदाजात तो राहून जातो.

मधला पाइप जमिनीपासून ४००० पर्यंत खेचा, म्हणजे लँडिंगच्या कठड्याला आधार मिळेल.

हँडरेल

पंधरा रेघा निवडा, ‘एक्स्प्लोड’ करा (म्हणजे कॉम्पोनंट सुटे होतील) आणि ‘वेल्ड एजेस’ने जोडून सलग करा. खालच्या टोकाला पायरीच्या दिशेने एक ५० मिमीचा आडवा तुकडा जोडा. तो नसेल तर पहिल्याच रेघेला चढ असल्यामुळे उभं वर्तुळ तिला काटकोनात बसत नाही आणि पाइप चपटा निघतो. त्या तुकड्याच्या टोकावर, त्याला काटकोनात, २० मिमी त्रिज्येचं १२ बाजूंचं वर्तुळ काढा. रेघ निवडा, ‘फॉलो मी’ घ्या आणि वर्तुळावर क्लिक करा. हँडरेल तयार. लाल काठ्या आता पायरी उघडून पुसा. एकदा पुसल्या की पंधराही जातात.

स्केचअपची डेस्कटॉप प्रो आवृत्ती असेल तर हा जिना डीएई (थ्रीडी मॉडेलचा एक फाइल-प्रकार) म्हणून बाहेर काढून स्वीट होम थ्रीडीत आणता येतो. ‘इम्पोर्ट फर्निचर’मध्ये ‘स्टेअरकेस’वर खूण केली की तो वरचा मजला कापतो.

फॅब्रिकेटरला काय द्यायचं

रंगीत थ्रीडी चित्र त्याला आवडेल, पण त्यावरून कटिंग होत नाही. त्याला वरून दिसणारा नकाशा द्या, ज्यात केंद्र, दोन्ही त्रिज्या, पहिल्या पायरीची दिशा आणि लँडिंगची दिशा खोलीच्या भिंतींपासून मोजून लिहिलेली असेल. एक पायरी पूर्ण मापाची द्या: पाचर ३७.५ अंशांची, पायऱ्यांतलं अंतर ३० अंश. हे दोन आकडे वेगळे का, ते समजावून सांगा, कारण गोंधळ इथेच होतो. पाइपावर खूण करायला पायऱ्यांच्या माथ्यांची यादी द्या: १८७.५, ३७५, ५६२.५, ७५० असं २८१२.५ पर्यंत. प्रत्येक माप तयार फरशीपासून घ्यायचं, आधीच्या पायरीपासून नाही. पायरीमागून पायरी मोजत गेलं की मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचा राइझर बिघडतो.

कांबी ६०. हँडरेलची उलगडलेली लांबी सुमारे ६.७ मीटर भरते आणि बाजारात पाइप सहसा ६ मीटरचा येतो, म्हणजे एक जोड येणारच. तो कुठे घ्यायचा ते तुम्हीच ठरवून लिहा. मी खालच्या तीन पायऱ्यांच्या आत घ्यायला सांगते, कारण वरच्या भागात हात सरकवत उतरताना जोडाचा खडबडीतपणा तळव्याला लागतो.

आणि कपाट, पलंग, वॉशिंग मशीन यातलं काय वर जाणार आहे त्याची यादी त्याच कागदावर असू द्या. ६९० मिमीच्या वळणातून दोन दारांचं कपाट जात नाही. त्यासाठी बाल्कनीतून दोराने चढवायची सोय कुठे आहे, हे जिना बसवण्याआधीच बघून ठेवा.